वांग्याचा बैल

भाद्रपद वद्य सप्तमी, कसबा बावडा. संध्याकाळ.

अण्णांचा म्हाळ झाला. जेवून पावणं पांगलं. जपानातल्या माझ्या इतक्या वर्षांबद्दल सगळ्यांनी एकच विचारलं, तिकडं खायला काय मिळतं. बाकीचं कुणाला सांगू?

ते वांगं काही डोक्यातून जात नाही. अण्णा गेले तेव्हा मी नागोयात होतो. घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत गेलो तर तिथं ओबोन, म्हणजे त्यांचा म्हाळच. शेजारी एक आजी एकटीच राहायची. तिनं काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावले आणि दोन्ही माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाली, वडिलांनी लवकर यावं म्हणून काकडीचा घोडा, आणि जाताना सावकाश जावं म्हणून वांग्याचा बैल. अण्णांसाठी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. तेही परक्या बाईसमोर.

आज भाजीतलं एक वांगं उरलं होतं. त्याला काडेपेटीतल्या चार काड्या टोचल्या आणि उंबऱ्यावर ठेवलं, तोंड रस्त्याकडं करून. आई बघत होती.

"बेंदूर कवाच झाला की रं. ह्यो कसला बैल?"

सगळं सांगितलं. ती भांडी घासायला निघून गेली. उगाच सांगितलं. इथं जपानचा विषय काढला की असंच होतं.

आत्ता दिवा लावताना उंबऱ्याकडं नजर गेली. वांगं तिथंच आहे. आईनं फक्त त्याचं तोंड घराकडं फिरवून ठेवलंय.