सोफ्यावरचा स्वेटर

वन्सं,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही दादासाठी विणलेला स्वेटर ह्यांना घट्ट झाला, तेव्हापासून तो आमचा कुत्रा घालतो. व्हिडिओ कॉलवर चित्र धूसर यायचं. सोफ्यावर स्वेटर दिसला की तुम्ही म्हणायचात, "झोपू दे वहिनी, दमला असेल दादा." मी विषय बदलायचे.

परवा त्या ॲपने आपल्या मनानेच चित्र लख्ख करून टाकलं. आमच्या घरातलं किती दिसावं, हे ठरवणारे हे ॲपवाले कोण?

आज तुमचा कॉल आला, तशी ह्यांना स्वेटरात कोंबून सोफ्यावर आडवं केलं. हक्काची जागा गेली म्हणून कुत्रा गुरगुरत होता.

तुम्ही काळजीने म्हणालात, "दादाची झोप बिघडलीये गं. आधी कसा मुटकुळं करून शांत पडायचा."

तुमची,
वहिनी