दात कसे घासावेत

प्रिय धाकटे,

जबडा अजून तारांनी बांधलेला आहे, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. ताईने जरा तोंड बंद ठेवावं अशी तुझी लहानपणापासूनची इच्छा होती. घे, ठेवलं. सगळं पातळ करून नळीने पिते आणि राग आला की पाटीवर लिहून रागावते. डावीकडचे दात गेले, एका कानात सतत गुणगुण असते, बाकी मी धडधाकट आहे. तुझी भिंगरीही नीट जेवते, झोपते. तिला परत पाठवावं असा तुझ्या सासूबाईंचा निरोप आला, मागोमाग तुझाही. उत्तर देते, पण आधी त्या दिवशी वर्गात काय झालं ते माझ्याकडून ऐक. आतापर्यंत तू ते फक्त तुझ्या नवऱ्याच्या माणसांकडून ऐकलं आहेस.

तिसरीला मी तेव्हा सूचना लिहायला शिकवत होते. हात कसे धुवावेत, नखं कशी कापावीत, असलं. नियम एवढाच की एकाने आपलं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने अगदी तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. सुरुवातीला सगळ्यांची फजिती झाली. एकाने साबण लावा, हात चोळा, पुसा असं लिहिलं, आणि करणारीने सगळा फेस टॉवेलला फासला, कारण पाणी कुणी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्याने भरपूर पाणी प्या असं लिहिलं; कुठे थांबायचं ते न सांगितल्यामुळे पिणारा बिचारा पोट धरून बसला. वर्ग हसून लोळला. पण त्यातून त्यांना कळलं की वाक्य छोटं हवं, एका वाक्यात एकच काम हवं. तू गुपचूप माझ्याकडे आणून सोडलंस तेव्हापासून भिंगरी माझ्याच वर्गात बसत होती; तिला वाचण्यापेक्षा करायला आवडायचं. सांगितलेलं इतकं तंतोतंत करणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही, आणि मावशी म्हणून मी आपली मिरवत होते.

त्या दिवशी दात घासण्याचा धडा होता. आमचा चष्मेवाला पठ्ठ्या वाचत होता आणि भिंगरी हात धुवायच्या नळाशी ब्रश घेऊन उभी होती. दार लाथेने उघडलं. इतकी वर्षं मी तुझ्या नवऱ्याला अहो-जाहो करत आले, ते त्या क्षणी संपलं. त्याच्या हातात गाडीचं चाक खोलायचा पाना होता. माझी बायको फितवलीस, माझी पोर लपवलीस, असं ओरडत तो बाकांमधून आला आणि पहिला वार त्याने माझ्या खांद्यावर केला. मी भिंगरीच्या आणि त्याच्या मधे आले. त्याने माझे केस धरले, तेव्हा मी त्याच्या मनगटाचा असा लचका तोडला की माझ्या तोंडात त्याचं रक्त आलं. दातांचा तेवढा उपयोग झाला, कारण पुढचा वार जबड्यावरच बसला. हाड मोडल्याचा आवाज बाहेरून येत नाही गं, डोक्याच्या आतून येतो. मी पडले. मग बुटाने पोटात, बरगड्यांत. डोकं धरून त्याने फरशीवर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पोरं किंचाळत होती, बाकांखाली घुसत होती, एकीने जागीच लघवी केली. शेवटी खेळाच्या सरांनी मागून त्याला कव घालून पाडलं आणि शिपाईमामांनी घंटा वाजवायच्या लाकडी हातोडीने त्याच्या हातावर तडाखे दिले. पाना सुटला तेव्हा त्याची बोटं मोडली होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

हे सगळं तुला साधारण माहीत असेल. जे माहीत नसेल ते आता सांगते. मी फरशीवर पडले होते आणि एका डोळ्याने मला नळ दिसत होता. भिंगरी दात घासत होती. आमचा चष्मेवाला कागद टाकून केव्हाच पळाला होता, तिला सांगणारं कुणी नव्हतं, तरी ती भिंतीकडे तोंड करून घासत होती, वर-खाली, वर-खाली, एकसारखी. हिरड्यांतून रक्त येऊन फेस लाल झाला तरी थांबली नाही. त्याला ओढत बाहेर नेल्यावर तिने चूळ भरली, ब्रश धुतला, पेला भरून पाणी आणलं आणि माझ्याजवळ ठेवलं. मग धावत आलेल्या मोठ्या बाईंकडे जाऊन, फरशी पुसायला कुठलं फडकं घेऊ, असं विचारलं.

मला वाटलं, माझ्याच नियमाने घात केला; कुठे थांबायचं ते कुणी वाचलं नाही म्हणून पोर थांबली नाही. दवाखान्यातून आल्यावर मी तिला पाटीवर लिहून विचारलं. ती म्हणाली की तसं नाही मावशी, बाबा मारायला लागले की हातातलं काम चालू ठेवायचं, वर बघायचं नाही, रडायचं नाही, ते बाहेर गेले की पाणी द्यायचं आणि फरशी पुसायची. हे आईने शिकवलंय, असंही म्हणाली. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच काम. माझ्या वर्गात इतकं चोख अजून कुणी लिहिलेलं नाही, धाकटे. मी पाटी पालथी घातली आणि तोंड उघडत नसताना रडणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

परवा तिच्या हातून माझा आवडता कप फुटला. ती तशीच उभी राहिली, भिंतीकडे बघत. मी तिला जवळ घेतलं, आणि बऱ्याच वेळाने तिने असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली. काल तर भाजी आवडली नाही म्हणून माझ्यावरच ओरडली आणि ताट सरकवलं. मी हसले, तारा टोचल्या तरी हसले.

तर आता हे पत्र का ते सांगते. तुझा खांदा घसरून पडल्यामुळे निखळला असं तू लिहून दिलंस, आणि मीही घरातलं भांडण म्हणून तक्रार मागे घ्यावी असं जामिनावर सुटल्यावर त्याने तुझ्याकडून वदवून घेतलं, हे मला कळलं आहे. मी घेणार नाही. उद्या कोर्टात मी माझी जबानी लेखी देणार आहे. तिच्यात तुझा खांदा असेल आणि भिंगरीने सांगितलेलं सगळं असेल. पोर माझ्याकडे राहू द्या असंही मी मागणार आहे. त्याच्या वकिलाकडून ऐकण्याआधी तू ते माझ्याकडून ऐकावंस, म्हणून आज लिहिलं. तू माझं तोंड पाहणार नाहीस कदाचित. तरी ये. अंगावरच्या कपड्यांनिशी ये, मी काही विचारणार नाही. तू तिला ते सगळं तिचा जीव वाचावा म्हणून शिकवलंस हे मला कळतं, आणि तेवढ्यानेच ती वाचली. पण आता ती रडते, ओरडते, ताट सरकवते. त्या घरात असं पोर एक दिवसही जिवंत राहणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुझीच, मार खाऊनही न सुधारलेली,
ताई