चालता नमुना

१२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा मफलर पोचला. प्रयोगशाळेत सगळे हसतात: यंत्राला थंडी हवी आणि गारठतो मी!

मागे कळवलेल्या आनंदाच्या बातमीची आता भीती वाटतेय. आमचा नमुना म्हणजे एक अतिपातळ पापुद्रा. त्याच्या पोटातून वीज जात नाही, फक्त वरच्या आणि खालच्या अंगाने जाते. वर इलेक्ट्रॉन, खाली त्यांच्या रिकाम्या जागा. अतिथंडीत वरच्या-खालच्यांच्या जोड्या जमतात आणि सगळ्या एका तालात चालतात. म्हणून वर प्रवाह सोडला की खाली आपोआप उलटा वाहतो. तसा तो वाहिला आणि आमच्या प्रमुख सरांनी परिषदेत भाषण ठरवलं.

पण पोटात बारीक भोक असलं तर वीज तिथून खाली गळेल आणि नेमकं हेच दिसेल. जरा तापवलं की कळेल. तापल्यावर जोड्या मोडतात आणि खालचा प्रवाह थांबतो, भोक मात्र बुजत नाही. पण आमचा नियम असा की चालता नमुना तापवायचा नाही. मागचा तापवला तो पुन्हा उठलाच नाही. सर म्हणाले, भाषणाआधी हात लावलास तर दुसरी नोकरी बघ.

काय करू, कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
पिट्टू

१८ नोव्हेंबर

चि. पिट्टूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि नंतर फळ्यावर सोपं गणित चुकले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जोड्या जमवणं-मोडणं मला आपल्या आत्याकडूनच माहीत. तुझी स्थळं फारच थंड दिसतात!

थट्टा पुरे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. बाबांची नोकरी गेली तेव्हा तू रांगत होतास. दार वाजलं की उधारीवाला आला समजून आई दिवा मालवायची, हे मला आठवतं. भाषण होईपर्यंत गप्प राहा. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, तरी लिहितेय.

वेळेवर जेव आणि लगेच उत्तर टाक.

तुझीच,
ताई

२६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकलं नाही. सर जेवायला गेले तेव्हा तापवलं. जोड्या केव्हाच मोडायला हव्या होत्या, पण खालचा प्रवाह तसूभरही हलला नाही. भोकच आहे.

सरांना सांगितलं. ओरडतील म्हणून दाराशीच उभा राहिलो. ते ओरडले नाहीत. दार हलकेच लावून घेतलं आणि विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हणालो, कोणालाच नाही. तुझं नाव तोंडातून निघेना. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, उद्या पहिल्या रांगेत बस, भाषणात तुझंही नाव घेणार आहे.

ताई, तो हात अजून खांद्यावर आहे असं वाटतंय. भाषणानंतर प्रश्न विचारतात आणि विचारणाऱ्याला उभं राहावं लागतं. तापवून पाहिलं का, हे सरांना विचारायचं ठरवलंय. उभा राहीन. माझी खाट कुणाला दिली असशील तर मागून घे. आईला मीच येऊन सांगेन.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
पिट्टू