ऑफिसातलं टेबल

मंगळवार, २ जुलै १९५७
समुद्रपूरच्या दवाखान्यातली नर्स म्हणून आता पंधरवड्याला एकदा या शाळेत पोरं तपासायला यायचं. आज पहिली खेप. मोटारीतून उतरून अर्धा कोस चिखल, एक चप्पल तिथेच गेली. हेडमास्तरांनी (हे.मा.) स्वतःच्या ऑफिसात टेबल दिलं, चहा दिला, मान दिला. दिवसभरात पोरं आली तीन. तिन्ही धडधाकट, खडू न्यायला आलेली. हे.मा. खूश. "आमची मुलं निरोगी आहेत, बाई." निघताना वर्गात डोकावले तर निम्म्या पोरी डोळे चोळताहेत.

१६ जुलै
पुन्हा तेच. शेवटी मीच चौथीच्या वर्गात गेले. शेवंता म्हणून एक पोर, पुस्तक नाकाला लावून वाचते. पापणी उलटून पाहिली. आत दाणेच दाणे, खुपऱ्या. डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडू लागलेलं. असंच राहिलं तर डोळा जाईल. माझ्याकडे का आली नाहीस, विचारलं.
"हाफिसात त छडी खाले जा लागते, बाई."
वर्ग हसला. मला हसू येईना. छडी माझ्या डोक्यावरच खुंटीला टांगलेली, आणि मी खाली बसून पोरांची वाट पाहत होते! टेबल व्हरांड्यात काढू म्हटलं, तर हे.मा. म्हणाले, "बाई, शाळेला काही शिस्त असते."

३० जुलै
आज विचारलंच नाही. एकीकडून मी, दुसरीकडून चौथीच्या दोन पोरी. टेबल व्हरांड्यात. हे.मा. दारात, तोंड एवढंसं. मग रांगच रांग. खरूज, फुटलेले कान, खुपऱ्या तर किती. जेवायला सवड नाही. फार बरं वाटलं.
शेवंताची आई वावरातून तशीच आली. "मागच्या दसऱ्याले दीक्षा घेतली आमी. तिचा बाप म्हणते पोरगी शिकलीच पायजे. डोया गेला त शिकन कशी?"
मलम रोज घालायला हवं. ट्यूबा मोजक्या, घरोघर देता येत नाहीत, शाळेतच ठेवायच्या. कुलपाचं कपाट एकच, आणि ते ऑफिसात. कपाळावर हात मारला. हे.मा. एवढंच म्हणाले, "बघतो."

१३ ऑग.
धाकधूक घेऊन गेले. शेवंतानं सांगितलं:
"दारातच उभी राह्यली मी. पाय उचलेचना. मंग गुरुजीच ट्यूब घेऊन भाईर आले."
तेव्हापासून मधल्या सुट्टीत खुपऱ्यांच्या सगळ्या पोरांना व्हरांड्यात बसवून हे.मा. स्वतः मलम घालतात. हात धुऊन!
दुखतं का, विचारलं.
"नाई. लय हलका हात हाये गुरुजीचा. छडीच्या वक्ती मालूमच नोतं पडलं."
गुरुजी मागेच उभे होते. कान लालबुंद. मी रजिस्टरात डोकं खुपसलं.

२७ ऑग.
टेबल आधीच व्हरांड्यात, ट्यूबा त्याच्या खणात, खणाला नवं कुलूप. छडी खुंटीवर नाही. कुठे गेली?
"कपाटात. जागा रिकामी होती," हे.मा.
शेवंताचा उजवा डोळा स्वच्छ. डावीकडचं फूल मात्र तेवढंच. वर्ध्याच्या डॉक्टरांना दाखवावंच लागेल. "फळ्यावरचं दिसन न, बाई?" काय सांगू? खोटं बोलवत नाही. पहिल्या बाकावर बस म्हटलं, तर म्हणे गुरुजींनी कधीच बसवलंय.
परवाच्या मोटारीनं बाप नेणार आहे तिला. हे.मा.ही रजा टाकून सोबत निघालेत. म्हणाले, डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं तर ते कसं घालायचं, विचारून घ्यायला नको?