तळ्यात पेंड कोण टाकतं?

५ फेब्रुवारी

चि. बाळूस अ. उ. आ.

नमुन्यासाठी मागितलेला माशांचा डबा पोचला. बर्फाचं पाणी झालं होतं, पण मासे शाबूत होते. दोन कटला, एक रोहू. खवले आणि ओठ बघून जातीची खात्री केली. पोट फाडलं आणि मनात पाल चुकचुकली. बंद खाणीच्या तळ्यातल्या माशाच्या पोटात गाळ, शेवाळ, अळ्या निघाव्यात. तुझ्या माशांच्या पोटात पेंड आणि कोंडा होता, तोही ठासून. तुमच्या त्या गंजक्या पाण्यात पेंड कोण टाकतं रे?

तू ज्या ठेकेदाराचा पंप चालवतोस त्याला ती तळी मासेमारीसाठी हवी आहेत, आणि मासे खाण्याजोगे आहेत की नाहीत हे माझी प्रयोगशाळा सांगणार. म्हणून विचारते. तुझ्या छकुलीला आत्याचा पापा.

विचारलं म्हणून माया पातळ करू नकोस.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझे खिसे तपासायचीस, ती खोड अजून गेली नाही तर! मासे तळ्यातलेच आहेत. कोणी काठावरून टाकली असेल पेंड, लोकांना काय उद्योग. ठेकेदाराचं नाव मध्ये आणू नकोस, माझी नोकरी आहे. आम्ही नेहमी तेच मासे खातो, कोणाला काही झालेलं नाही. छकुलीचं पोट पुन्हा बिघडलंय, औषध चालू आहे.

धाकट्यावर शंका कमी आणि लोभ जास्त असू दे.

बाळू

१३ फेब्रुवारी

चि. बाळूस अ. उ. आ.

कोणाला काही झालं नाही आणि छकुलीचं पोट बिघडलंय, हे एका दमात कसं लिहितोस? मला भीती वाटतेय. ठेकेदाराने काय सांगून तुझं तोंड बंद केलंय? मासे कुठले ते खरं कळव, नाहीतर नमुने खोटे आहेत असं मला वर लिहावं लागेल, आणि त्यात तुझं नाव येईल.

तरीही तुझीच,

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ठेकेदाराला यातलं काही ठाऊक नाही, तुझी शपथ. नोकरीचं लिहिलं ते लाज झाकायला. जाळं मी स्वतः टाकलं होतं. निघाले ते तिलापी: डोकी मोठी, अंगं वाळकी, एकाच्या कल्ल्याशी फोड. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा काही मागितलंस, आणि असले मासे पाठवायचे? हीसुद्धा म्हणाली, नणंदबाई काय म्हणतील. म्हणून बाजारातून शेततळ्याचे गुबगुबीत मासे आणून डब्यात भरले. वाटलं, तू फक्त जात ओळखणार. पोट फाडशील हे डोक्यातच आलं नाही.

जाळ्यातले टाकवेनात. फोडाचा भाग कापून ते आम्हीच खाल्ले. छकुलीने दोनदा मागून घेतले.

हे पत्र आजच्या गाडीने येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देतोय; उद्याच्या गाडीने छकुलीला घेऊन निघतोय. डॉक्टरांना सांगून ठेव. सोबत डबाही आणतोय, या वेळी तळ्यातलेच, जसे निघाले तसे.

आम्ही पोचेपर्यंत रागावून घे, मग जवळ घे.

बाळू