कठड्यावरचं लाल पांघरूण

ग्रानादा, २४ एप्रिल १९६१

चि. आमालियास,
फेलिसाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू क्रूसाच्या सणाला सासरच्या मंडळींना अल्हंब्राचा राजवाडा दाखवायला येणार, हे ऐकल्यापासून आईचे पाय जमिनीवर नाहीत. घरी येण्याचं लिहायला विसरलीस, वेंधळी ती वेंधळीच! त्या दिवशी मी हॅम घालून कोवळ्या शेंगा करणार आहे.

बाबा तिथल्या बागेत मेंदीची कुंपणं कातरायचे, तेव्हा जेवण तयार झालं की आई गच्चीच्या कठड्यावर लाल पांघरूण टाकायची आणि दरीपलीकडून बाबा टोपी हलवायचे. आई आता तुझ्यासाठी तेच करणार. सणाला सगळी गल्ली कठड्यांवर शाली टाकते, त्यात आपलं पांघरूण हरवेल म्हणून ती दारोदार जाऊन आली. माझी लेक बघणार आहे, दुपारपर्यंत तुमचं काही टाकू नका, म्हणाली. भांडकुदळ सेबास्तियानासुद्धा कबूल झाली! तेव्हा बागेच्या सज्जातून हात कर आणि जेवायला ये. वाट पाहतो.
तुझी ताई

माद्रिद, ९ मे

ती. ताईस,
आमालियाचा सा. न. वि. वि. रागावू नकोस. सासूबाई सिंहांच्या कारंज्यापाशीच रमल्या. बागेत गुलाब फुलले होते, पाटाच्या पाण्याचा आवाज अगदी तसाच. मग सेव्हिलची गाडी गाठायची होती. धुक्यामुळे पलीकडचं काही दिसलं नाही. पुढच्या खेपेला नक्की येईन, आईला सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आमालिया

ग्रानादा, १६ मे

चि. आमालियास,
आशीर्वाद. कसलं धुकं? इतकं लख्ख ऊन होतं की आईचं कपाळ भाजलं. सकाळपासून ती कठडा धरून उभी होती, आणि गल्लीतले बाकीचे कठडे तिच्यासाठी उघडे. दुपारी ती ओरडली, हात केला, माझ्या पोरीने हात केला! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग आपापल्या शाली बाहेर काढल्या. सेबास्तियाना तर रडली.

आई आता सगळ्यांना सांगते, पोरीला घरापर्यंतचा चढ झेपला नसेल. पण आईचा मोतीबिंदू इतका वाढलाय की समोरची वाटी दिसत नाही. मला राहवत नाही म्हणून विचारते, तू हात केला होतास का? खरं लिही.
फेलिसा

माद्रिद, २५ मे

ती. ताईस,
सा. न. दिसलं गं. सगळ्या पांढऱ्या भिंतींत ते एकच लाल, कसं दिसणार नाही? हात आपसूक वर गेला. सासूबाईंनी विचारलं, कोणाला हात करतेस? बाबा त्या बागांचे मोठे अधिकारी होते आणि ग्रानादात माझं आता कोणी उरलं नाही, असं मी सासरी लग्नाआधीच सांगून बसले आहे. तोच हात कपाळाशी नेला आणि म्हटलं, ऊन लागतंय.

मला माझीच लाज वाटते. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.
तुझी आमालिया

ग्रानादा, २ जून

आमालिया,
आईला सांगितलं, हात केला होता. खोटं काही नाही. तिने ते पुन्हा सगळ्या गल्लीला सांगितलं.

पांघरूण धुऊन पेटीत ठेवलं आहे. पुढच्या सणाला सगळे शाली टाकतील, आपला कठडा तेवढा उघडा राहील. तेव्हा पुन्हा राजवाडा पाहायला खुशाल ये, उन्हासाठी कपाळाशी हात न्यायची वेळ येणार नाही. सासूबाईंना सांगितलेलं मी खरं करते आहे, इथे तुझं कोणी नाही.

आईचे आशीर्वाद, तिला विचारून लिहिते आहे. माझ्या लोभाची आशा धरू नये.
फेलिसा