न झालेल्या सभेचं इतिवृत्त

बाबा,

कॉलेजच्या मीटिंगच्या वहीवर मी परवा सही केली नाही. तुम्ही असता तर आधी दार लोटून घेतलं असतं आणि मग मला झापलं असतं. सतरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. जिथं तुम्ही शिपाई होतात त्याच कॉलेजात मी आता इतिहास शिकवते आणि शिक्षकांनी मला निवडून विकास समितीवर पाठवलंय. तुमच्या वेळी या समितीचं नाव वेगळं होतं, काम हेच. कॉलेज कसं चाललंय ते वर्षातून चार वेळा एकत्र बसून पाहायचं, काय ते ठरवायचं आणि ठरलेलं वहीत लिहायचं. कायद्यात तसंच आहे.

आपल्याकडं ती सभा कशी होते हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? तुमच्या खिशाला दोन पेनं असायची, एक निळं, एक काळं. बाकीच्यांकडं एकच असतं, तेव्हा माझा बाप मोठा माणूस, असं मला वाटायचं. सभेची सूचना आणि त्याच सभेचं इतिवृत्त एकाच पिशवीतून, एकाच दिवशी, सायकलवर घरोघरी फिरायचं. सूचना मिळाल्याची सही निळ्यानं, सभेला हजर असल्याची काळ्यानं, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात. मी सातवीत असेन. सायकलच्या दांड्यावर बसून तुमच्याबरोबर आले आहे, आणि एक सदस्य पाठीवरचा फवारणीचा पंप न उतरवता बांधावरच दोन्ही सह्या करतोय. परत येताना मी विचारलं, "बाबा, मीटिंग तं झालीच नाही, मंग हे लोकं हजर कसे?" तुम्ही सायकल थांबवली. "तुले काय करायचं? आपुन कागद फिरवतो, वाचत नाही. पुन्हा इचारशील तं संगं आणणार नाही." त्यानंतर कॉलेजबद्दल मी तुम्हाला कधीच काही विचारलं नाही. राग होता तो, आज सांगते. कारण तुम्ही वाचत होतात. लायब्ररीतला शिळा पेपर घरी आणून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस ती वही न वाचता फिरवेल, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

परवा तुमच्या जागेवरचा शिपाई स्टाफरूममध्ये आला. भला माणूस, आता निवृत्तीला आलाय, काम तुमच्याच हाताखाली शिकला. "मॅडम, नेहमीचंच हाय. दोन सह्या," म्हणाला आणि दोन पेनं पुढं केली. निळी सही झाली. काळं पेन टेकवणार तेवढ्यात तिसरा ठराव दिसला. वरच्या मजल्यावरचा वाचनकक्ष संस्थेच्या नव्या इंग्रजी शाळेला सर्वानुमते देण्यात येत आहे. तिथं कोण बसतं माहीत आहे ना? खेड्यांवरून पहिल्या एसटीनं येणाऱ्या पोरी. घरी पुस्तक उघडलं की कोणीतरी भाकरी टाकायला हाक मारतं. एक जण मला म्हणाली होती, "इथं बसलं की कोनी काम नाही सांगत, मॅडम." मीसुद्धा त्याच खोलीत बसून शिकले. आणि ती खोली 'सर्वानुमते' द्यायची म्हणे!

बरं, सभेची तारीख कोणती, तर शेगावच्या महाराजांच्या प्रकट दिनाची. वेळ सकाळी अकरा, अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष. त्या दिवशी अकरा वाजता साहेब शेगावात पंगतीला वाढत होते. फोटो त्यांनीच कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली साऱ्या स्टाफनं हात जोडले होते. खोटं लिहायचं तर माणसानं निदान कॅलेंडर तरी पाहावं! मी सहीच्या जागी लिहिलं, 'या तारखेस सभा झालेली नाही. ठराव मला मान्य नाही,' आणि खाली नाव टाकलं. शिपायानं बिचाऱ्यानं वही स्वतःकडं ओढली. "हे काऊन केलं मॅडम? वही खराब झाली नं. आता विद्यापीठाची समिती येऊन राह्यली." येऊ दे. ती येते, हार घेते, वही चाळते, सह्या पाहते, जेवते आणि जाते. 'तुम्ही सभेत कशावरून भांडलात?' हे तिनं आजवर एकाही सदस्याला विचारलेलं नाही. खरी सभा असेल तर कोणीतरी भांडतंच.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. चहा मागवला. "तुमचे बाबा इतकी वर्षं राह्यले आपल्या संस्थेत. कधी वर तोंड करून बोलले नाहीत. देवमाणूस." मी म्हटलं, "ते शिपाई होते, साहेब. मी सदस्य आहे." ते हसले आणि वहीची मागची पानं उलटली. "या पाच सभा. सही तुमचीच हाय नं? ह्या झाल्या होत्या काय?"

सह्या माझ्याच होत्या, बाबा. त्या पाचांतली एकही झाली नव्हती.

"ते वाक्य खोडा, मी विसरून जातो. नाहीतर मंगळवारी खरीच सभा घेतो, या पाच सह्या समोर ठेवून. मंग चौकशी कोनाची लागते पाहू." मी चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, "घ्या सभा."

आज सूचना आली. नुसती सूचना, एकच सही. मंगळवारी मी उठून आधी हेच सांगणार आहे की मागच्या पाच सभा झाल्या नाहीत, मी खोट्या सह्या केल्या, आणि हे इतिवृत्तात लिहा. मग वाचनकक्षाचं बोलू. नोकरीवर बेतलं तर बेतू दे. मी गेल्यावर कोणी चहा पाजून माझ्या लेकीला सांगू नये की तुझी आई कधी बोलली नाही. मला देवमाणूस व्हायचं नाही. यात तुम्हाला अपमान वाटला तर वाटू द्या. तुम्हाला तीन पोरं जगवायची होती, ते मला कळतं. पण माझ्या पाठीशी कायदा आहे, मतं देऊन पाठवणारी माणसं आहेत. एवढं असून मी मुकाट बसले तर तुम्ही मला शिकवलं कशाला?

हे कुठं पाठवायचं नाही, मला ठाऊक आहे. खरं सांगू? त्या पाच सह्यांबद्दल मी अजून कोणाशीच बोलले नाही, घरातही नाही. मंगळवारच्या आधी एकदा तरी तोंडातून काढून पाहायचं होतं, आणि तुम्ही मध्येच थांबवणार नाही याची खात्री होती.